कल्पित शहरातलं कॅम्पेन: तयारी किती करायची आणि कशाची?

दिवटी

एक कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी एकच गोष्ट) पूर्णपणे एकाच शहरात घडवायचं आहे. डंजन (धोक्यांनी भरलेलं, खोल्याखोल्यांचं भुयार) नाही, लांबचा प्रवास नाही. चार खेळाडू, तीन-तीन तासांची बारा सेशन, डी अँड डी या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकांच्या खेळाची पाचवी आवृत्ती (२०१४ चे नियम), पात्रांची लेव्हल १ ते ५. शहर बंदराचं, वस्ती २०,०००. नकाशा काढून झालाय, त्यावर १८० इमारतींना क्रमांक दिलेत. आठशे वर्षांचा इतिहासही चाळीस पानं लिहून तयार आहे.

अडचण अशी आहे की डंजनमध्ये खोलीला तीन दारं असतात आणि खेळाडू त्यातलं एक निवडतात. शहरात "आता कुठे जाता?" असं विचारलं की समोर १८० उत्तरं असतात, आणि मग कुणालाच काही सुचत नाही. म्हणून नेमके प्रश्न:

१. एवढ्या वस्तीचं शहर आकाराने केवढं असतं? सध्या तट ते तट ४ किलोमीटर धरलंय.
२. शहरात आपसात झगडणारे गट किती ठेवावेत, आणि दोन सेशनच्या मधल्या काळात त्यांचं काय करायचं?
३. पहारेकरी किती आणि किती ताकदीचे?
४. जादू असलेल्या जगात धान्य, पाणी, रोगराई हे प्रश्न उरतात का? उरत नसतील तर शहरात ताण कशाचा?

तटबंदी

आधी आकार, कारण बाकीचं बरंचसं त्यातून सुटतं.

४ किलोमीटर व्यासाचं गोल शहर म्हणजे सुमारे १,२५० हेक्टर. त्यात २०,००० माणसं पसरली की दर हेक्टरी १६ पडतात. ही दाटी विखुरलेल्या शेतवस्तीची झाली. तटाच्या आत राहणाऱ्या जुन्या शहरांत दर हेक्टरी १०० ते २०० माणसं सहज असत, कारण तट बांधणं फार महाग आणि म्हणून आतली जागा मोलाची. १५० धरा. तुमच्या शहराला १३३ हेक्टर पुरतात आणि व्यास भरतो अवघा १.३ किलोमीटर. गर्दीतून वाट काढत गेलं तरी वीस-पंचवीस मिनिटांत माणूस एका वेशीतून दुसऱ्या वेशीपाशी पोचतो. शहर चौपट मोठं, म्हणजे ८०,००० वस्तीचं केलंत तरी व्यास फक्त दुप्पट होतो.

हा आकडा खेळात लगेच जाणवतो. बुरुजावरची घंटा सगळ्या शहराला ऐकू जाते. बंदरावर झालेल्या मारामारीची बातमी खेळाडू वरच्या पेठेत पोचण्याआधी तिथे पोचलेली असते. "आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला लपतो" हे वाक्य फारसं उपयोगाचं राहत नाही, आणि ते चांगलंच आहे. लपण्यासाठी अंतर नाही, तर आसरा देणारं कुणीतरी माणूस शोधावं लागतं.

घरं: एका घरात पाच माणसं धरली तर ४,००० घरं. म्हणजे तुमच्या १८० क्रमांकांत फक्त साडेचार टक्के घरं आली. उरलेल्या घरांचं वर्णन ऐनवेळी करावं लागणारच आहे, मग १८० चा हट्टही सोडून द्या. बारा जागा नीट लिहा. बाकीच्यांसाठी पेठेगणिक एकेक ओळ पुरते: घरं कशाची, दारासमोर काय पडलेलं असतं, वास कसला. रस्त्याला लागून जागा मिळवायची म्हणून घरं अरुंद आणि खोल, भिंतीला भिंत. आळ्यांची रुंदी २ ते ३ मीटर. पाचव्या आवृत्तीत धावत येऊन मारलेली लांब उडी पात्राच्या स्ट्रेंग्थच्या (ताकदीच्या) आकड्याइतके फूट जाते. स्ट्रेंग्थ १० म्हणजे १० फूट, म्हणजे ३ मीटर. छपरांवरून पाठलाग करायचा असेल तर आळीची रुंदी आधीच ठरवून ठेवा, कारण पार्टीतल्या (खेळाडूंच्या टोळीतल्या) कुणाला फासा टाकावा लागेल आणि कुणाला नाही हे तीच ठरवते.

आता शहरात येणारे-जाणारे प्रवाह. माणशी रोज साधारण ६५० ग्रॅम धान्य धरलं तर शहराला रोज १३ टन लागतं. बैलगाडीत अर्धा टन मावत असेल तर रोज २६ गाड्या, एकही दिवस न चुकता. सरपण याहून जड, त्याच्या गाड्या आणखी जास्त. पाणी माणशी कमीत कमी १५ लिटर धरा, म्हणजे रोज ३ लाख लिटर. दहा लिटरचा पोहरा अर्ध्या मिनिटाला एक असा निघाला तर एक विहीर बारा तासांत १४,४०० लिटर देते. म्हणजे एकवीस विहिरी सतत शेंदत राहाव्या लागतील. जिथे रांग लागते तिथे भांडणं होतात, तिथेच अफवा पिकतात. तीन मोठे पाणवठे नकाशावर ठळक करा. कुणाही खानावळीपेक्षा बातमी तिथे आधी कळते.

धंदे कुठे असतात तेही पाणी, वारा आणि आग यांवरून ठरतं. कातडी कमावायला चुना, मूत्र, सालं आणि भरपूर पाणी लागतं, म्हणून ते काम नदीच्या खालच्या अंगाला आणि वारा शहराबाहेर वाहतो त्या बाजूला. रंगारी त्यांच्याच शेजारी, कारण नदी तेही रंगवतात. पिण्याचं पाणी वरच्या अंगाने घेतात, म्हणून श्रीमंत पेठ वरच्या अंगाला. भट्ट्यांना लोक घाबरतात. व्हेनिसने १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या शहरातून उठवून मुरानो बेटावर हलवल्या, आणि या भीतीला अर्थ होता: लंडनमध्ये १६६६ साली एका बेकरीतून आग लागली आणि चार-पाच दिवसांत सुमारे १३,२०० घरं गेली. तुमच्या शहरात एकूण घरंच ४,००० आहेत. लेव्हल ५ च्या विझर्डला (जादूगाराला) फायरबॉल हा आगीच्या स्फोटाचा मंत्र मिळतो आणि तो उघड्यावर पडलेल्या ज्वलनशील वस्तू पेटवतो. छपरं कशाची, हे त्या दिवसाआधी ठरलेलं असू द्या.

कोरा_कागद

तटबंदी यांचे आकडे बरोबर आहेत, पण एक शंका. धान्याच्या गाड्या किती, हे खेळाडू कधीच विचारत नाहीत. मग जीएमने (खेळ चालवणाऱ्याने) तेवढा हिशेब का करायचा?

तटबंदी

खेळाडूंना सांगण्यासाठी नाहीच. एखादा प्रवाह तोडला की काय होईल ते कळावं म्हणून. पूल पडला तर रोजच्या २६ गाड्या अडतात. शहराच्या कोठारात किती दिवसांचं धान्य आहे? वीस दिवसांचं असेल तर २६० टन. म्हणजे कोठार कुठल्यातरी ठरावीक पेठेत आहे, त्याची किल्ली ठरावीक माणसाकडे आहे, आणि आत खरोखर २६० टन आहे की खालची पोती भुशाने भरलीत हा प्रश्न आपोआप उभा राहतो. एक साहस तयार झालं, तेही खेळाडूंना गणित न सांगता.

षट्कोनी

प्रश्न २ बद्दल. पाच गट, त्याहून जास्त नकोत. पाच गटांत एकमेकांशी संबंधांच्या दहा जोड्या होतात, आठ गटांत अठ्ठावीस. दहा जोड्या डोक्यात राहतात, अठ्ठावीस कुठल्याही जीएमच्या राहत नाहीत.

प्रत्येक गटासाठी अर्धं पान, आणि त्यात इतकंच: त्यांना या महिन्यात काय हवंय, शहरातली कुठली गोष्ट त्यांच्या मुठीत आहे (जकात नाका, विहिरी, हमाल, दिवे, न्यायालय), कुणावाचून त्यांचं अडतं, आणि त्यांच्या वतीने बोलणारा एकच एनपीसी (जीएमने चालवलेलं पात्र), तो कुठे आणि कोणत्या वेळी सापडतो यासकट. गटाचा प्रमुख बोलणारा नसावा. खेळाडूंना भेटतो तो त्याचा कारकून, पुतणी, मुकादम. प्रमुख पहिल्याच सेशनमध्ये भेटला की पुढे चढायला पायरी राहत नाही.

"सत्ता हवी", "संपत्ती हवी" असं लिहू नका. "पश्चिम घाटावरची जकात वसुली पुढच्या लिलावात आपल्याला मिळावी" असं लिहा. पहिल्यातून सीन निघत नाही. दुसऱ्यातून लगेच चार निघतात: लिलाव कोण घेतो, सध्या वसुली कोणाकडे आहे, त्याला कसं हटवायचं, आणि खेळाडूंना या कामासाठी काय देऊ केलं जाईल.

दोन सेशनच्या मध्ये दहा मिनिटांचं काम. प्रत्येक गटाच्या बेताला एक क्लॉक: ४, ६ किंवा ८ भागांचं वर्तुळ. गटागणिक एक डी६ (सहा बाजूंचा फासा) टाका. १ ते ३ काही नाही, ४-५ एक भाग भरा, ६ आला तर दोन. सरासरी दर वेळी दोन-तृतीयांश भाग. याचा अर्थ ४ चं क्लॉक सहा फेऱ्यांत, ६ चं नऊ फेऱ्यांत, ८ चं बारा फेऱ्यांत भरतं. तुमची सेशन बाराच आहेत, तेव्हा दोन क्लॉक ४ ची, दोन ६ ची आणि एकच ८ चं ठेवा. खेळाडूंनी एखाद्या गटाच्या वाटेत धोंडा टाकला तर भाग पुसा, मदत केली तर फासा न टाकता भरा.

सगळ्यात जास्त चुकतं ते पुढच्या पायरीवर. क्लॉक भरत जातं, पण ते फक्त जीएमच्या वहीत. प्रत्येक भाग भरला की शहरात काहीतरी दिसलं पाहिजे, आणि ते काय हे आधीच लिहून ठेवायचं. हमालांच्या संपाचं ६ चं क्लॉक असेल तर: १ घाटावर कुजबुज, २ एक मुकादम गायब, ३ दोन जहाजं न उतरवलेली उभी, ४ धान्य महाग, ५ घाटावर सशस्त्र पहारा, ६ संप. खेळाडू दुसऱ्याच भानगडीत असले तरी त्यांना न उतरवलेली जहाजं दिसतात. शहर त्यांच्यासाठी थांबलेलं नाही हे त्यांना अशा दोन-तीन दृश्यांवरून कळतं, सांगावं लागत नाही.

फासेकरी

एक दुरुस्ती. बारा सेशनच्या मध्ये अंतरं अकरा असतात, बारा नाहीत. ११ गुणिले दोन-तृतीयांश म्हणजे सरासरी ७.३. म्हणून ८ चं क्लॉक फाशांच्या भरवशावर साधारण निम्म्या वेळा शेवटच्या सेशनआधी भरणारच नाही. ते शेवटच्या मोठ्या प्रसंगासाठी ठेवलं असेल तर सुरुवातीलाच एक भाग भरून द्या.

षट्कोनी

बरोबर, अकरा. एक भाग आधी भरा, आणि तो भाग म्हणजे पहिल्याच सेशनमध्ये दिसणारी घटना असू द्या.

पेठेचा_नकाशा

मूळ अडचण १८० उत्तरांची आहे, तिच्याबद्दल. शहरातही तीन दारं करता येतात. ती दगडी भिंतींनी होत नाहीत. वेळ, बंद वेशी आणि "इथे तुम्हाला कोण ओळखतं" यांनी होतात.

घरांचा नकाशा बाजूला ठेवा आणि एका कागदावर सहा वर्तुळं काढा. प्रत्येक वर्तुळ एक पेठ. जिथे खरोखर जाता येतं तिथेच रेषा: पूल, जिना, आतली वेस, होडीचा उतारा. प्रत्येक पेठेतून दोन किंवा तीन रेषा निघाव्यात, पाच नव्हेत. प्रत्येक रेषेवर एक अट लिहा: कोण अडवतं, काय मागतं, कधी बंद होते. खेळाडू एका पेठेत उभे असले की त्यांच्यापुढे तीन वाटा असतात, आणि प्रत्येक वाटेची किंमत वेगळी.

हे काही खेळासाठी ओढूनताणून आणलेलं नाही. तांग काळातलं चांगआन शहर तटबंद पेठांमध्ये विभागलेलं होतं. या पेठा १०८ होत्या, संध्याकाळी ढोल वाजले की त्यांच्या वेशी बंद होत आणि रात्री मोठ्या रस्त्यांवर फिरायला बंदी असे. ७६२ मध्ये बांधायला घेतलेलं बगदाद गोल होतं आणि त्याला चारच वेशी होत्या. दिवसा अशा शहरात कुठेही जाता येतं. रात्री तेच शहर डंजन होतं: बंद दारं, फिरती गस्त, एखादी चोरवाट. तुमच्या खेळाडूंना निवड करायची सवय डंजनमुळे लागली असेल तर निर्णायक कामं रात्रीकडे ढकला.

पेठेचं कार्ड, एका बाजूला मावेल एवढं: दुरून दिसणारी एक खूण, पोचताच येणारा वास किंवा आवाज, फक्त इथेच मिळणारी एक गोष्ट, फक्त इथेच लागू असलेला एक नियम, आणि तीन तयार नावं. सहा पेठा, सहा कार्डं. सहाच का, तर डी६ टाकून कुठलीही निवडता येते.

एन्काउंटर (वाटेत अचानक समोर येणारा प्रसंग) दर तासाला नको, पेठेची हद्द ओलांडताना. डी६ वर १ आला तर काहीतरी घडतं. दोन हद्दी ओलांडल्या तर घडण्याची शक्यता साधारण ३१ टक्के पडते, म्हणजे जाणवण्याइतकी आणि कंटाळा न आणणारी. तक्ता २डी६ चा (दोन डी६ च्या बेरजेचा) करा, दिवसाचा वेगळा, रात्रीचा वेगळा. ७ येण्याची शक्यता ३६ मध्ये ६, २ किंवा १२ ची प्रत्येकी ३६ मध्ये १. म्हणून ६, ७, ८ वर गटांची माणसं त्यांच्या कामात गुंतलेली ठेवा, आणि २ व १२ वर असं काही जे एकदाच घडू शकतं. घडून गेलं की ती ओळ खोडून नवी लिहा. शहरातला एन्काउंटर म्हणजे लढाई नव्हे. "चार हमाल एका जकात कारकुनाला पाण्याकडे ढकलत नेत आहेत" ही ओळ "१डी४ (१ ते ४) चोर हल्ला करतात" याच्यापेक्षा दसपट कामाची, कारण तिच्यात खेळाडूंना बाजू घ्यावी लागते.

खरेदीबद्दल एवढंच: यादीतली वस्तू असेल तर पैसे वजा करा आणि पुढे चला. रोलप्ले (पात्र होऊन बोलणं) फक्त यादीत नसलेल्या वस्तूसाठी. नाहीतर तीन तासांतला एक तास दोर आणि मशालींच्या घासाघिशीत जातो.

कोतवाली

प्रश्न ३. जुन्या शहरांत आजच्यासारखे पोलीस नव्हते. लंडनचं महानगर पोलीस दल १८२९ मधलं. इंग्लंडच्या १२८५ च्या विंचेस्टर कायद्यात सूर्यास्त ते सूर्योदय वेशी बंद ठेवायला सांगितलंय आणि मोठ्या शहरांत रात्री प्रत्येक वेशीवर सहा माणसं. गुन्हा झाला की ओरडा करायचा आणि ऐकणाऱ्यांनी पाठलागात उतरायचं, हीच मुख्य व्यवस्था.

तुमच्या शहराला पाच वेशी धरा: ३० माणसं. सहा पेठांत प्रत्येकी चौघांच्या दोन गस्ती: ४८. रात्रीचे एकूण ७८, दिवसपाळी आणि अंमलदार धरून दीडशेच्या आसपास. एवढेच. जागोजागी चिलखती शिपाई दिसले तर एवढ्यांना पगार कोण देतं याचं उत्तर जीएमकडे लागतं.

ताकदीचं म्हणाल तर पाचव्या आवृत्तीतला साधा गार्ड ११ हिट पॉइंट्सचा, म्हणजे तेवढं नुकसान झालं की तो पडतो. फायरबॉलचं सरासरी नुकसान २८. सेव्ह (बचावाचा फासा) यशस्वी झाली तरी १४, म्हणजे गस्तीतले चौघेही गेले. लेव्हल ५ च्या पार्टीसाठी पहारेकऱ्यांच्या लेव्हल वाढवत नेणं हा चुकीचा उपाय आहे. त्याने खेळाडूंच्या वाढीला काही अर्थ उरत नाही, आणि मग हेच पहारेकरी राक्षसांना का मारत नाहीत असाही प्रश्न येतो. पहारेकऱ्याची ताकद त्याच्या घंटेत, ओळखीत आणि वेस बंद करण्याच्या अधिकारात आहे.

त्यासाठी एक आकडा सांभाळा, त्याला "बोभाटा" म्हणा. रस्त्यात मारामारी १, शस्त्र उपसलं २, माणूस मेला ३, जादूने घर किंवा जहाज गेलं ४. साक्षीदार नसेल तर काहीच वाढत नाही. शांत बसलेल्या प्रत्येक आठवड्याला १ कमी. ३ झाला की गस्त चेहरा ओळखते; ५ झाला की खेळाडूंच्या ओळखीच्या माणसाला चौकशीला नेतात; ७ वर वेशीवर झडती; ९ वर शहर बाहेरून कुणीतरी तोडीस तोड भाड्याने आणतं. ५ ची पायरी सगळ्यात परिणामकारक आहे. स्वतःला पकडतील याची खेळाडूंना फारशी काळजी नसते. घर भाड्याने देणाऱ्या म्हातारीला कोतवालीत नेलं की टेबलाभोवती सगळे सरसावून बसतात.

हा आकडा खेळाडूंपासून लपवू नका, टेबलावर मधोमध मोठा फासा ठेवून दाखवा. लपवला तर शिक्षा अचानक आल्यासारखी वाटते आणि जीएम सूड घेतोय असा समज होतो.

मंत्रपाठ

प्रश्न ४, ज्यावर शहरं सगळ्यात जास्त कोसळतात. धान्य-पाणी जादूने सुटतं का? 'क्रिएट फूड अँड वॉटर' हा तिसऱ्या पातळीचा स्पेल (मंत्र), एका वेळी पंधरा माणसांची एका दिवसाची सोय. २०,००० साठी रोज १,३३४ वेळा. लेव्हल ५ च्या क्लेरिककडे (मंत्र जाणणाऱ्या पुजाऱ्याकडे) तिसऱ्या पातळीचे दोन स्लॉट (दिवसात तेवढ्याच वेळा मंत्र), म्हणजे असे ६६७ क्लेरिक, ज्यांनी दिवसभर दुसरं तिसऱ्या पातळीचं काहीच करायचं नाही. शहर यावर जगत नाही. मात्र वेढ्यात राजवाड्यातली साठ माणसं दोन क्लेरिकांच्या बळावर हवे तितके दिवस तग धरतात. बाहेर उपासमार आणि आत भरलेली ताटं: ताण हवा होता ना, तो इथे आहे.

रोगराईचंही तसंच. 'लेसर रिस्टोरेशन' एका वेळी एकाच माणसाचा एक रोग घालवतो. लेव्हल ३ च्या क्लेरिककडे दुसऱ्या पातळीचे दोनच स्लॉट. रोज पन्नास नवे रोगी असतील तर पंचवीस क्लेरिक हवेत. पाच असतील तर रोज चाळीस माणसं परत पाठवावी लागतात, आणि ती यादी कोण बनवतं? अशा वेळी शहरं जादूकडे पाहत बसणार नाहीत, दुब्रोवनिकने १३७७ मध्ये केलं तेच करतील: साथीच्या भागातून येणाऱ्यांना ३० दिवस बाहेर थांबवणं. तुमचं बंदर आहे, तेव्हा थांबवलेली जहाजं आणि त्यावरचा नासत चाललेला माल आयता मिळतो.

दिवे: 'कंटिन्युअल फ्लेम'ला दर वेळी ५० सोन्याच्या मोहरांची माणिकाची पूड खर्च होते. ५०० दिवे म्हणजे २५,००० मोहरा, एकदाच. ज्योत विझवता येत नाही, पण झाकता येते आणि दिव्यासकट उचलून नेता येते. म्हणून दिवे लोखंडी पिंजऱ्यात, आणि पिंजरे फक्त वरच्या पेठेत.

खुनाचा तपास ठेवणार असाल तर दोन स्पेल आधीच विचारात घ्या. 'स्पीक विथ डेड' पाच प्रश्न देतो. प्रेताला तोंड लागतं आणि गेल्या दहा दिवसांत त्याच प्रेतावर हा स्पेल झालेला चालत नाही. सराईत मारेकरी जबडा फोडतात. त्याहून हुशार मारेकरी स्वतःच पाच प्रश्न विचारून जातात. पार्टीचा स्पेल फसला की "म्हणजे आपल्याआधी कुणीतरी याच्याशी बोललं" हाच सगळ्यात मोठा धागा. 'झोन ऑफ ट्रूथ'मध्ये खोटं बोलता येत नाही, पण गप्प राहता येतं आणि बगलही देता येते. न्यायालय फक्त शहराने नेमलेल्या क्लेरिकची साक्ष धरतं असा नियम करा, म्हणजे तो क्लेरिक कोणत्या गटाच्या मुठीत आहे याला महत्त्व येतं.

आणि 'फ्लाय'. वेग ६० फूट, दहा मिनिटं. १.३ किलोमीटरचं शहर धावपळ न करता सात मिनिटांत पार. लेव्हल ५ पासून तट आणि आतल्या वेशी त्या एका माणसासाठी संपतात. संपू द्या. तिसऱ्या पातळीच्या स्लॉटने तो एकालाच नेतो, उरलेले तिघे वेशीपाशीच असतात.

दिवटी

मनापासून आभार. बदल असे: व्यास १.३ किलोमीटर, सहा पेठा, बारा लिहिलेल्या जागा, पाच गट. इतिहास एका पानावर आणला आणि त्यातही आज कुणीतरी ज्यावरून भांडतंय तेवढंच ठेवलं. एक पेठ बेटावर आहे, ओहोटीला उघडी पडणारी दगडी वाट तिला जोडते. ओहोटीची वेळ कशी सांभाळायची? आणि जमिनीखाली गटारं ठेवावीत का?

तटबंदी

माणूस चालू शकेल अशी गटारं बहुतेक जुन्या शहरांत नव्हती, उघडे नाले असत. खाली काही हवंच असेल तर पाण्याचं टाकं करा. कॉन्स्टँटिनोपलमधलं सहाव्या शतकातलं मोठं टाकं ३३६ खांबांवर उभं आहे, छत सुमारे ९ मीटर उंच. तुमच्या शहरात पिण्याचं पाणी अशाच टाक्यातून येत असेल तर तिथे झालेली प्रत्येक लढाई सगळ्या शहराच्या पाण्यात पडते.

ओहोटी

दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं. म्हणून ओहोटी दिवसातून दोनदा आणि रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा. वाट पूर्ण ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास उघडी धरा, म्हणजे दिवसातून दोनदा चार-चार तास. पहिल्या दिवशी पूर्ण ओहोटी पहाटे ५ ला असेल तर दुसरी संध्याकाळी सव्वापाचनंतर थोड्या वेळाने, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची ५:५० ला. पंधराएक दिवसांनी घड्याळ जवळपास मूळ वेळेवर येतं, तेव्हा पंधरा ओळींचा एकच तक्ता बारा सेशनला पुरतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास भरती-ओहोटी मोठी असते, त्या दिवसांत वाट अर्धा तास जास्त उघडी ठेवा. मधल्या आठवड्यांत अर्धा तास कमी. जगाला दोन चंद्र असतील तर भरतीपुरता एकच मोजा, नाहीतर तक्ता हाताबाहेर जातो.

वेशींच्या वेळेशी हे जोडून पाहा. वेस सूर्यास्ताला बंद होते, ओहोटीची वेळ मात्र सरकत राहते. महिन्यातल्या काही रात्री वाट ऐन मध्यरात्री उघडी आणि वेस बंद असते, आणि चोरटा माल नेमका त्याच रात्री बेटावर जातो. तक्ता खेळाडूंच्या हातात छापील द्या. त्या रात्री कोणत्या, हे त्यांनीच शोधू दे.

षट्कोनी

मग पहिलं सेशन त्या वाटेवरच सुरू करा. चौघे बेटाकडून शहराकडे येताहेत, पाणी चढायला लागलंय, समोर चाक मोडलेली गाडी वाट अडवून उभी, मागे अजून वीसेक माणसं. गाडीत काय आहे ते गाडीवान सांगत नाही. खेळ सुरू होण्याआधी प्रत्येक खेळाडूकडून शहरातली एक ओळखीची व्यक्ती आणि टाळायची एक जागा लिहून घ्या. चौघांच्या मिळून आठ नोंदी होतात, आणि त्या तुमच्या बारा जागांत बसवायच्या. अडकलेल्या वीस माणसांत त्यांनी लिहिलेल्यांपैकी दोघं असू द्या.